एन्क्रिप्शन न मोडता पाळत कशी ठेवली जाते

प्रश्न असा आहे: चॅटच्या वर 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड', म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येणार नाही, असं लिहिलेलं असतं, तरी तपास यंत्रणांच्या हाती मेसेज लागतातच. मग सरकारकडे हे गणित सोडवणारा एखादा महासंगणक आहे का? की गणितातच कुठेतरी चोरदार ठेवलेलं असतं?

महासंगणक विसरा. नीट बसवलेलं एन्क्रिप्शन आज कुणी सोडवत बसत नाही, कारण तशी वेळच येत नाही. चोरदाराचं मात्र खरं आहे, एकदा ते रंगेहाथ सापडलंही आहे. पण आधी मुळात कुलूप कसलं आहे ते बघू, नाहीतर कुठून आत शिरतात ते कळणार नाही.

समजा अंधेरीच्या अनघाला विरारच्या विनयशी गुपचूप बोलायचंय आणि मधली तार कुणीतरी सतत ऐकतंय. दोघं उघडपणे दोन संख्या ठरवतात, २९ आणि २. नियम असा: २ चा घात काढायचा, २९ ने भागायचं, फक्त बाकी ठेवायची. अनघा मनात ५ धरते. २ चा पाचवा घात ३२, बाकी ३. ती ३ पाठवते. विनय मनात १२ धरतो. २ चा बारावा घात ४,०९६, बाकी ७. तो ७ पाठवतो. आता अनघा आलेल्या ७ चा पाचवा घात काढते: १६,८०७, बाकी १६. विनय आलेल्या ३ चा बारावा घात काढतो: ५,३१,४४१, बाकी १६. दोघांकडे १६ आला. तारेवरून काय गेलं? २९, २, ३ आणि ७. १६ गेलाच नाही.

ऐकणाऱ्याला शोधायचंय ते एवढंच, की २ चा कितवा घात घेतला म्हणजे बाकी ३ उरते. इथे फार तर २८ वेळा करून बघावं लागेल. पण २९ च्या जागी २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी मूळ संख्या घ्या. सुलट बाजूचं काम तेव्हाही चुटकीसरशी होतं, कारण घात एकेक पायरीने काढत नाहीत. वर्ग, वर्गाचा वर्ग असं करत गेलं की तीन-चार हजार गुणाकारांत काम उरकतं. उलट जायचा सोपा रस्ता कुणालाच सापडलेला नाही. 'सापडलेला नाही' असंच म्हणायला हवं, कारण तो नाहीच हे कुणी सिद्ध केलेलं नाही. जगभरातले बँक व्यवहार या न सिद्ध झालेल्या गृहीतकावर चालतात.

ही पद्धत डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांची आरएसए पद्धत आली; तिचं कुलूप मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अवघड असण्यावर टिकतं. गंमत म्हणजे जीसीएचक्यू या ब्रिटिश हेरसंस्थेतल्या एलिस, कॉक्स आणि विल्यमसन यांनी हेच गणित १९७० ते १९७४ च्या दरम्यान मांडून ठेवलं होतं. ते १९९७ पर्यंत गुप्त राहिलं. ज्यांचं काम ऐकण्याचं, त्यांनीच न ऐकू देणारं कुलूप आधी बनवलं आणि कपाटात ठेवून दिलं.

आजची चॅट ॲप हाच खेळ संख्यांऐवजी वक्रावरच्या बिंदूंशी खेळतात. तिथली मूळ संख्या २ चा २५५ वा घात उणे १९ एवढी असते आणि सार्वजनिक किल्ली, म्हणजे तारेवरून उघड पाठवायचा आकडा, अवघ्या ३२ बाइटची. ही देवाणघेवाण फक्त सामायिक गुपित ठरवण्यापुरती. त्यातून पुढे किल्ल्या तयार होतात आणि मजकूर एईएससारख्या साध्या, वेगवान पद्धतीने झाकला जातो. १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता ३४ च्या पुढे ३७ शून्यं एवढ्या. सेकंदाला एक अब्ज अब्ज किल्ल्या लावून बघणारं यंत्र आहे असं धरलं, तरी सगळ्या संपायला सुमारे १० लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. याउलट डीईएस या जुन्या पद्धतीची किल्ली ५६ बिटांची होती आणि १९९८ मध्ये खास बनवलेल्या यंत्राने ती ५६ तासांत शोधून दाखवली. बिट दुप्पट झाले म्हणून काम दुप्पट होत नाही. एक बिट वाढला की दुप्पट होतं.

आरएसएचं मोजमाप वेगळं, कारण तिथे अवयव पाडायच्या हुशार युक्त्या आहेत. जाहीर विक्रम २०२० चा: २५० अंकी, ८२९ बिटांची संख्या फोडायला एका संगणक-कोरला २,७०० वर्षं लागतील एवढं काम लागलं. अर्थात ते हजारो कोरवर वाटून केलं. वेबसाइटवर आज किमान २०४८ बिट वापरतात.

क्वांटम संगणकाचं विचाराल तर धोका खरा आहे. शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक डिफी-हेलमन आणि आरएसए ही दोन्ही कुलपं उघडेल. तसा संगणक आज नाही, पण आज साठवलेला मजकूर तेव्हा उघडता येईल. म्हणून सिग्नल या चॅट ॲपने २०२३ मध्ये आणि ॲपलने २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही पुरून उरेल अशी नवी पद्धत जुन्याच्या जोडीला बसवली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एनआयएसटी या अमेरिकेच्या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने तिची प्रमाणं जाहीर केली. किल्ली ३२ बाइटवरून १,१८४ बाइटवर जाते, एवढीच किंमत.

आता खरा विषय. वरच्या उदाहरणात अनघाने ५ 'मनात धरला'. यंत्राला मन नसतं. त्याला ही संख्या कुठूनतरी आणावी लागते, आणि सगळ्यात जास्त पडझड इथेच होते.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला एखादा स्वस्त राउटर किंवा सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डबा घ्या. पहिल्यांदा चालू झाल्याबरोबर तो स्वतःसाठी आरएसए किल्ली बनवतो: दोन मोठ्या मूळ संख्या निवडायच्या आणि गुणाकार जाहीर करायचा. पण नुकत्याच चालू झालेल्या डब्यात अनिश्चित असं काहीच नसतं. कीबोर्ड नाही, माउस नाही, घड्याळही १९७० वर. त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन डबे पहिली मूळ संख्या तीच निवडतात आणि मग किंचित वेळ सरकल्यामुळे दुसरी वेगळी निवडतात. एकाने जाहीर केलं ८,६३३. दुसऱ्याने ८,९८९. एकेकट्याचे अवयव पाडणं कठीण आहे असं समजा. पण दोघांचा मसावि काढा, सातवीत शिकवतात त्या भागाकार पद्धतीने. ८,९८९ मधून ८,६३३ गेले, बाकी ३५६. ८,६३३ ला ३५६ ने भागा, बाकी ८९. ३५६ ला ८९ ने भागा, बाकी शून्य. मसावि ८९. म्हणजे पहिला ८९ गुणिले ९७, दुसरा ८९ गुणिले १०१. तीन भागाकारांत दोन्ही कुलपं उघडी, आणि ६१७ अंकी संख्यांनाही मसावि काढायला क्षणभरच लागतो. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या सगळ्या किल्ल्या गोळा करून हेच केलं आणि एन्क्रिप्टेड जोडणी देणाऱ्या यंत्रांपैकी सुमारे अर्धा टक्का यंत्रांच्या खासगी किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. त्याआधी डेबियन लिनक्स या संगणक-प्रणालीत २००६ मध्ये कुणीतरी 'अनावश्यक' वाटलेली एक ओळ काढली आणि २००८ पर्यंत तिथल्या किल्ल्यांमागची अनिश्चितता उरली फक्त ३२,७६८ शक्यतांची. उपाय साधा आहे: अशा डब्याची आपोआप बनलेली किल्ली पुसा, तो तासभर वापरात राहू द्या, मग नवी बनवायला सांगा. किंवा किल्ली संगणकावर बनवून त्यात भरा.

हे निष्काळजीपणाचं झालं. मुद्दाम केलेलंही आहे, आणि वर म्हटलेलं चोरदार ते हेच. ड्युअल ईसी नावाची, यंत्राला 'मनात धरायला' अंक देणारी पद्धत २००६ मध्ये एनआयएसटीने प्रमाण म्हणून स्वीकारली. वक्रावर दोन ठरलेले बिंदू, पी आणि क्यू. यंत्राच्या पोटात एक गुप्त संख्या. तिने क्यूला गुणलं की बाहेर द्यायचे अंक मिळतात, पीला गुणलं की पुढची गुप्त संख्या. आता पी हा क्यूच्या नेमका किती पट आहे हे ज्याला माहीत आहे, त्याचं काम सोपं. बाहेर आलेल्या अंकांवरून तो बिंदू पुन्हा उभा करतो, त्या पटीने गुणतो आणि पुढची गुप्त संख्या त्याच्या हातात येते. तिथून पुढचं सगळं. ३२ पैकी ३० बाइट बाहेर देतात, म्हणजे दडलेले १६ बिट अंदाजाने भरायचे: ६५,५३६ प्रयत्न, साध्या लॅपटॉपचं काम. हे होऊ शकतं असं शुमो आणि फर्ग्युसन यांनी २००७ मध्येच दाखवलं होतं. २०१३ मध्ये स्नोडेनने फोडलेल्या गुप्त कागदपत्रांनंतर एनएसए या अमेरिकन हेरसंस्थेकडे बोटं वळली आणि २०१४ मध्ये पद्धत मागे घेतली गेली. पण त्याहून बोलकं पुढचं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये ज्युनिपर या नेटवर्क-यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये असं आढळलं की कुणीतरी गुपचूप क्यू बिंदूच बदलला आहे. एकासाठी केलेल्या दाराचं कुलूप दुसऱ्याने बदलून टाकलं. 'फक्त सरकारसाठी चोरकिल्ली' या मागणीला गणितवाले विरोध करतात तो यासाठी. समीकरणाला वॉरंट वाचता येत नाही.

किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न मुंबईकरांना ब्लॅकबेरीच्या दिवसांपासून ओळखीचा असायला हवा. २०१० च्या सुमारास मेसेज वाचू देण्यावरून सरकार आणि कंपनीत जे ताणलं गेलं, त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होत होती. कंपन्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरचा मेल त्या त्या कंपनीच्या किल्लीने झाकलेला होता. ती ब्लॅकबेरीकडे नव्हतीच. पण साध्या ग्राहकांचे 'पिन मेसेज', म्हणजे एका ब्लॅकबेरीवरून दुसऱ्या ब्लॅकबेरीवर जाणारे मेसेज, सगळ्या हँडसेटमध्ये असलेल्या एकाच सामायिक किल्लीने झाकलेले असत. पुढे कंपनीने मुंबईत सोय करून दिली ती ग्राहकांच्या सेवांपुरती. दोन्हीकडे 'एन्क्रिप्शन' हाच शब्द.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल वर येतात. अशा केबलमधून प्रकाश फाटा फोडून घेतला तर काय मिळतं? पूर्वी बरंच काही मिळे. वेबसाइटची एक कायमची आरएसए किल्ली असे. आज न वाचता येणारा कचरा साठवायचा, दोन वर्षांनी ती किल्ली मिळवायची, सगळं वाचायचं. टीएलएस हे वेबसाइटशी एन्क्रिप्टेड जोडणी करायचे नियम; त्यांच्या २०१८ च्या १.३ आवृत्तीने ती पद्धत काढूनच टाकली. आता प्रत्येक जोडणीला अनघा-विनयचा खेळ नव्याने होतो आणि ५ व १२ लगेच पुसले जातात. चॅट ॲपमध्ये तर मेसेजगणिक किल्ली पुढे सरकते. सर्व्हर सांभाळत असाल तर टीएलएस १.० आणि १.१ बंद करा; ते चालू ठेवायला आता सबब उरलेली नाही.

पण त्या खेळात एक भोक आहे आणि ते मी वर मुद्दामच सांगितलं नाही. अनघाला ७ मिळाला, तो विनयकडून कशावरून? मधल्या माणसाने विनयचा ७ अडवून स्वतःचा आकडा दिला, आणि विनयलाही तसाच दिला, तर दोघांचंही कुलूप लागतं, फक्त त्याच्याशी. ॲपमध्ये सार्वजनिक किल्ल्या वाटतो कोण? कंपनीचा सर्व्हर. २०१८ मध्ये जीसीएचक्यूच्या लेव्ही आणि रॉबिन्सन यांनी मांडलेला प्रस्ताव हाच होता: गणिताला हात लावू नका, फक्त संभाषणात एक न दिसणारा तिसरा सदस्य घाला. यावर उतारा म्हणून व्हॉट्सॲपमध्ये ६० अंकी सुरक्षा कोड असतो, ३० तुमच्या किल्लीचे आणि ३० समोरच्याच्या. संपर्काच्या माहितीत 'एन्क्रिप्शन' दाबा आणि समोरासमोर भेटून जुळवा, किंवा क्यूआर स्कॅन करा. त्याच चॅटमधून स्क्रीनशॉट पाठवून जुळवण्यात अर्थ नाही. सेटिंगमध्ये किल्ली बदलल्याची सूचना चालू करा; ती सहसा नव्या फोनमुळेच येते, पण निदान विचारता तरी येतं. जोडलेल्या उपकरणांची यादीही महिन्यातून एकदा बघा. प्रत्यक्षात माणसं अडकतात ती बहुतेक तिथेच, कुणीतरी दोन मिनिटं फोन हातात घेऊन लॅपटॉप जोडलेला असतो.

तपासात मेसेज मिळतात ते मुख्यतः फोनमधून. जप्त केलेला फोन कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि तिथे प्रश्न २ च्या १२८ व्या घाताचा नसतो, तुमच्या पिनचा असतो. आयफोनमध्ये एक पिन तपासायला मुद्दाम सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी रचना आहे. चुकल्यावर थांबवणारी मर्यादा कुठल्याशा त्रुटीने ओलांडली गेली, तर चार अंकी पिनचे १०,००० प्रयत्न १३ मिनिटांत संपतात, सहा अंकीचे १० लाख २२ तासांत. छोटी अक्षरं आणि अंक मिळून सहा चिन्हांचा पासवर्ड असेल तर साडेपाच वर्षं. बोट किंवा चेहरा लावून उघडणाऱ्यांना तर हे गणितही लागू नाही. आणि बॅकअप: व्हॉट्सॲपचा क्लाउडवरचा बॅकअप किल्ली लावून ठेवायची सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे, पण ती स्वतःहून चालू करावी लागते. तुम्ही केली आणि समोरच्याने नाही केली, तर तुमचं संभाषण त्याच्या बॅकअपमध्ये उघडं पडलेलं असतं. पेगासस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरी सॉफ्टवेअरचंही तत्त्व हेच. मेसेज पडद्यावर उघडल्यावर वाचायचा, कुलपाच्या नादी लागायचं नाही.

मजकूर नाहीच मिळाला तरी मोबाइल कंपनीकडे नोंद असते: तुमचा क्रमांक, बाहेरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) आणि पोर्ट (त्या पत्त्यातला दार-क्रमांक), समोरचा पत्ता, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, किती बाइट गेले-आले. एकाच आयपीमागे शेकडो ग्राहक असतात, त्यामुळे पोर्ट आणि वेळ नसेल तर ती नोंद निरुपयोगी. त्या असतील तर काय होतं बघा. एखाद्या ग्रुपचा निनावी ॲडमिन शोधायचाय आणि यंत्रणेचा माणूस त्या ग्रुपमध्ये नुसता बसलेला आहे. मुंबई परिसरात २ कोटी जोडण्या धरू. ॲडमिनचा मेसेज आला त्या सेकंदाला, तेवढ्याच आकाराचं काहीतरी पाठवणारे शंभरात एक धरू: उरले २ लाख. दुसऱ्या मेसेजला २,०००. तिसऱ्याला २०. चौथ्याला एकही जादा माणूस उरत नाही. खऱ्या जगात घड्याळं पुढेमागे असतात, रात्री-दिवसाचा फरक पडतो, म्हणून चारऐवजी दहा-पंधरा लागतील. व्हीपीएन, म्हणजे जोडणी दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सेवा, लावलं तर हे अवघड होतं. पण केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, आणि त्यानंतर काहींनी भारतातले सर्व्हर हलवले, हे लक्षात ठेवून निवडा.

उलट, कुणाला शोधायचं हेच माहीत नसेल तर तेच आकडे यंत्रणेवर उलटतात. २ कोटींत २०० संशयित आहेत आणि ९९ टक्के अचूक गाळणी आहे. २०० पैकी १९८ सापडतील, छान. पण उरलेल्यांतले एक टक्का, म्हणजे २ लाख निरपराधही त्याच जाळ्यात. हजार दारं ठोठावली की एक खरा. अचूकता ९९.९ वर नेली तरी शंभरात एकच.

शेवटी कायद्याचे आकडे, कारण तेही याच प्रश्नात येतात. २०२१ च्या आयटी नियमांत ५० लाखांहून जास्त वापरकर्ते असलेल्या मेसेजिंग सेवांनी, आदेश आल्यास, मेसेजचा भारतातला 'पहिला प्रवर्तक' सांगावा असं आहे. मजकूर न वाचता हे करण्यासाठी प्रत्येक मेसेजचा हॅश, म्हणजे ठसा, साठवा असं सुचवलं जातं. अडचण अशी की 'उद्या ११ वाजता दादरला' आणि 'उद्या ११ वाजता दादरला.' यांचे ठसे पूर्ण वेगळे. एक पूर्णविराम टाकला की नवा प्रवर्तक जन्माला आला. दुसरीकडे, सर्व्हरवर ठसे साठवले की संशयित वाक्यांची यादी करून ती कुणी-कुणी पाठवली हे मागाहून तपासता येतं, म्हणजे मजकूर झाकलेला राहिलाच नाही. आणि नाव खोटं घालता येऊ नये म्हणून मेसेजवर डिजिटल सही घालावी, तर आजची रचनाच बदलते. सध्या मेसेजवरची खूण दोघांकडे असलेल्या किल्लीने होते, त्यामुळे समोरच्याला खात्री पटते पण तिसऱ्यासमोर पुरावा उभा राहत नाही. सही आली की साधं चेष्टेतलं वाक्यही कायमचा दस्तऐवज.

फोन ऐकण्याचा आदेश केंद्रात किंवा राज्यात गृहसचिव काढतात, न्यायालय नाही. तो ६० दिवस चालतो, वाढवत १८० पर्यंत. १८८५ च्या तार कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली. तार कायद्याखालच्या नियमांप्रमाणे आदेश बरोबर होते का हे पाहायला तीन अधिकाऱ्यांची समिती दोन महिन्यांतून एकदा बसे. ९२-९३ च्या दंगलींच्या चौकशीमुळे मुंबईला माहीत असलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण, त्यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात हिशेब मांडला आहे: दर बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश तपासायचे. चहा-जेवण वगळून सलग आठ तास बसले असं धरा. २८,८०० सेकंद. एका आदेशाच्या वाट्याला दीड ते दोन.